मैदानावरच्या सासुरवाशिणी

परदेशी संघात खेळायला गेलेल्या फुटबॉलपटूला तिथली भाषा येत नाही, या विषयावर हल्ली फार बोलले जाते. बोलणारे दोन जातींचे असतात. पहिला म्हणतो, "इतकी वर्षे त्या देशाचे अन्न खाल्ले आणि चार वाक्ये बोलता येत नाहीत? ही मस्ती आहे, दुसरे काही नाही!" दुसरा म्हणतो, "पैसा मिळतो, बंगला मिळतो, मोटार मिळते. मग यांना कसली घरची आठवण येते? परमुलूख म्हणजे काय ते आमच्या गिरणीकामगाराला विचारावे!" हे दोन्ही उद्गार मी चहाच्या दुकानात ऐकले आहेत, शिक्षकांच्या खोलीत ऐकले आहेत आणि इंग्लंड-स्पेनचे सामने पाहण्यासाठी रात्रीचे दोन-दोन वाजवणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांच्या तोंडूनही ऐकले आहेत. मला हे दोन्ही उद्गार सारखेच खोटे वाटतात. नुसते खोटे असते तर मी लेखणी उचलली नसती. ते निर्दय आहेत, आणि त्या निर्दयपणाची सवय आपल्याला मैदानावर नव्हे, घरात लागलेली आहे. म्हणूनच सगळे घर फराळाला एकत्र बसले असताना हा विषय काढतो आहे. वाचकांनी चकली खाता खाता थोडा राग सहन करावा.

मी क्रीडापंडित नव्हे. शाळामास्तर आहे, कादंबऱ्या लिहितो, आणि मॅट्रिकच्या पलीकडची पायरी मी चढलेलो नाही. फुटबॉलमधले डावपेच मला कुणाला शिकवायचे नाहीत. पण न कळणाऱ्या भाषेसमोर बसवलेल्या माणसाचा चेहरा कसा होतो, हे मात्र मी वर्षानुवर्षे रोज पाहत आलो आहे; आणि त्या अधिकाराने बोलतो आहे.

परक्या घरात जाऊन परकी भाषा शिकणे म्हणजे काय, हे खरे म्हणजे मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नव्हती. आपल्या घरोघरच्या बायकांनी ते केलेले आहे. पुण्याची मुलगी लग्न होऊन नागपूरला जाते. भाषा दोन्हीकडे मराठीच! पण माहेरी जे पातेले होते ते सासरी गंज होते. कोकणात दिली असती तर टोप झाले असते, मराठवाड्यात भगुणे झाले असते. नवी सून स्वयंपाकघरात उभी राहून पातेले मागते आणि जावा-नणंदा तोंडाला पदर लावून हसतात. ती चुकली की माहेरचा उद्धार, ती गप्प राहिली की "शिष्ट आहे". तिने काय शिकावे याच्या याद्या सगळ्यांजवळ असतात. पण "सासूबाई, तुम्ही तिला काय शिकवलेत?" हा प्रश्न कुणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. परदेशी संघात गेलेला खेळाडू ही नेमकी अशी सासुरवाशीण आहे. तिच्या अंगावर दागिने जास्त आहेत, एवढाच फरक. आणि दागिन्यांनी सासुरवास कमी होत नाही, हे आपल्या आज्यांना विचारून पाहा.

दागिन्यांची गोष्ट निघालीच आहे, तर ती आधी निकालात काढू. इंग्लंडमध्ये १९६१ सालच्या जानेवारीपर्यंत फुटबॉलपटूच्या पगाराला कायद्यासारखी मर्यादा होती. खेळाडू कितीही थोर असो, आठवड्याला २० पौंडांच्या वर दमडी मिळायची नाही. इटलीतले संघ याच्या कित्येक पट द्यायचे. म्हणून ब्रिटिश खेळाडू आल्प्स ओलांडून जाऊ लागले. १९५७ साली स्वान्सी गावचा जॉन चार्ल्स हा वेल्श खेळाडू लीड्स सोडून ट्यूरिनच्या युव्हेंटस संघात गेला. किंमत ६५ हजार पौंड. पाच वर्षांत त्याने त्या संघाला तीन वेळा इटलीचे विजेतेपद मिळवून दिले. तो तिथे इतका रुळला, की मैदानाबाहेर त्याने गाण्यांच्या ध्वनिमुद्रिकाही काढल्या. इटालियन प्रेक्षकांनी त्याला आपल्या भाषेत नाव ठेवले: "इल जिगान्ते बुओनो", म्हणजे "भला महाकाय". एखाद्या परक्याला आपल्या भाषेत लाडाचे नाव देणे म्हणजे त्याला आपल्या पंगतीत पाटावर बसवणे. ट्यूरिनच्या लोकांनी ते केले.

आता चारच वर्षांनंतरची दुसरी गोष्ट पाहा. १९६१ साली जिमी ग्रीव्ह्ज हा इंग्लंडचा अव्वल गोल करणारा खेळाडू चेल्सीहून मिलानला गेला. प्रशिक्षक नेरेओ रोक्को हा शिस्तीचा भोक्ता. सामन्याआधी खेळाडूंना घरापासून तोडून शिबिरात ठेवण्याची तिथली रीत. ग्रीव्ह्जचा जीव गुदमरला. डिसेंबर उजाडेपर्यंत तो लंडनला परतला सुद्धा! टॉटनहॅमने त्याला ९९ हजार ९९९ पौंडांना घेतले. लाख पौंडांचा पहिला खेळाडू म्हणून त्याच्या डोक्यावर ओझे नको, म्हणून एक पौंड कमी. लोकांनी निदान केले, "याला जमले नाही." पण वाचकहो, इटलीतल्या त्या जेमतेम डझनभर सामन्यांत या "न जमलेल्या" माणसाने ९ गोल केले होते! म्हणजे पायांचे काहीच अडले नव्हते. अडले होते ते संध्याकाळी घरी येऊन बूट काढून बसणाऱ्या माणसाचे. त्याच मोसमात डेनिस लॉ आणि जो बेकर हे दोघे ट्यूरिनच्याच तोरिनो संघात गेले होते. दोघे होते, तरी एका वर्षात दोघेही मायदेशी परतले. पैसा तिघांनाही मिळत होता. पैशाने घरची आठवण विझत असती, तर ती ट्यूरिनमध्ये आणि मिलानमध्ये नक्कीच विझली असती.

"ते जुन्या काळचे झाले," असे कुणी म्हणेल. तर नव्या काळचे सांगतो. सेव्हिल प्रांतातला हेसूस नावास हा खेळाडू गाव सोडून राहिला की आजारी पडत असे. हे लाक्षणिक अर्थाने नव्हे. छाती धडधडावी, श्वास लागावा, असा खराखुरा आजार. मोसमाआधीच्या सराव शिबिरालासुद्धा त्याला जाता येत नसे, आणि त्यापायी स्पेनच्या राष्ट्रीय संघाचे दार त्याला कितीतरी काळ बंद राहिले. त्याच्या सेव्हिला संघाने त्याला "नाटके करतो" म्हणून हाकलले नाही. उपचार झाले, सवय हळूहळू लावली गेली. २००९ च्या नोव्हेंबरात तो प्रथम स्पेनकडून खेळला. २०१० च्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ज्या चढाईतून स्पेनचा विजयी गोल झाला, ती चढाई आपल्या अर्ध्या मैदानातून चेंडू घेऊन धावत सुटलेल्या याच नावासने सुरू केली होती. पुढे २०१३ साली तो मँचेस्टरला गेला आणि चार वर्षे तिथे राहिला. घरच्या आठवणीला मस्ती म्हणणाऱ्यांनी या एका माणसाचे चरित्र वाचावे. ज्याला शिबिरही सोसत नव्हते तो मँचेस्टरच्या पावसात चार हिवाळे काढतो, ते चाबकाने होत नाही.

आता भाषेकडे वळू. खेळाडूला नेमकी किती भाषा लागते? मैदानावर फारच थोडी. "सोड", "माझा", "वेळ आहे", "मागे माणूस आहे" असे वीस-पंचवीस शब्द झाले, की फळीतला पुढचा खेळाडू वर्षभर निभावून नेतो. मागच्या फळीला जास्त लागते. कारण तिथे एकाने पुढे सरकायचे आणि दुसऱ्याने त्याची जागा धरायची, हे ओरडूनच ठरते. सर्वांत जास्त लागते ती गोलरक्षकाला. त्याला सगळे मैदान समोर दिसते, म्हणून सगळ्यांना सांगण्याचे काम त्याचे. आपला गुरप्रीतसिंग संधू २०१४ साली नॉर्वेच्या स्ताबेक संघात गेला आणि २०१६ साली युरोपा लीगच्या पात्रता फेरीत उभा राहिला, तो गोलरक्षक म्हणून. दहा परक्या माणसांना पाठीमागून हुकूम सोडायचे, आणि त्यांनी ते ऐकावेत इतका विश्वास कमवायचा! आपल्या वर्तमानपत्रांनी त्याने किती गोल अडवले ते छापले. त्याहून अवघड काम कोणते होते, हे कुणी छापले नाही.

पण मैदानावरचे हे शब्द म्हणजे भाषा नव्हे. भाषा लागते ती मैदानाबाहेर. मुलाला ताप आला तर डॉक्टरला काय सांगायचे? बाजारात मीठ कोणते आणि साखर कोणती? शाळेतून आलेल्या चिठ्ठीत काय लिहिले आहे? नवरा सरावाला गेला, की ही सगळी लढाई एकटी बायको लढते. त्याला निदान चेंडू आहे, सोबती आहेत, टाळ्या आहेत. तिला चार भिंती. क्लबाच्या जमाखर्चात खेळाडूच्या गुडघ्याला डॉक्टर असतो, आहाराला तज्ज्ञ असतो. त्याच्या बायकोला बाजाराची भाषा शिकवणारे माणूस मात्र पुष्कळ क्लबांना फार उशिरा सुचले. हल्ली मोठे क्लब अशा कामासाठी माणसे नेमतात, हे खरे आहे. पण ती अक्कल येण्यापूर्वी किती घरे गाशा गुंडाळून परत गेली, त्याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

भाषा तीच असली, तरी हा वनवास चुकत नाही. लिओनेल मेस्सी २००० साली अर्जेंटिनातल्या रोसारिओ गावाहून बार्सेलोनाला आला तेव्हा तेरा वर्षांचा होता. त्याची भाषा स्पॅनिश, देशाची भाषा स्पॅनिश. पण बार्सेलोनाचे लोक आपसात कॅटलान बोलतात. पुढे आई आणि भावंडे रोसारिओला परत गेली. बाप आणि लेक मागे राहिले. पोरगा इतका गप्प असे, की संघातल्या मुलांना तो मुका वाटला होता. सांगा, त्या तेरा वर्षांच्या मुलाला "शिष्ट" म्हणायला आपली जीभ रेटली असती का? माझी भीती अशी आहे, की रेटली असती. गंज न म्हणता पातेले म्हणणारीला आपण सोडले नाही, तर याला काय सोडणार!

आता मस्तीचा आरोप ज्याच्यावर सर्वांत जास्त झाला त्या गॅरेथ बेलचे पाहू. नाहीतर मी सोयीची उदाहरणे वेचतो, असा ठपका येईल. हाही वेल्श, जॉन चार्ल्सचा देशबांधव. २०१३ साली रेआल माद्रिदला गेला, २०२२ पर्यंत त्या संघाचा होता आणि त्या काळात त्या संघाने पाच वेळा युरोपचा चषक जिंकला. २०१४ च्या अंतिम सामन्यात आघाडीचा गोल त्याचा, २०१८ च्या अंतिम सामन्यात पाठमोरी उडी मारून केलेला गोल त्याचा. पण स्पॅनिश वृत्तपत्रांनी धोशा लावला, की हा आमची भाषा बोलत नाही आणि सदा गोल्फ खेळतो. २०१९ साली वेल्सचा संघ जिंकल्यावर प्रेक्षकांनी आणलेल्या एका फडक्यामागे तो हसत उभा राहिला. फडक्यावर लिहिले होते: आधी वेल्स, मग गोल्फ, मग माद्रिद. झाले! माद्रिदच्या प्रेक्षकांनी त्याला पुढच्या सामन्यात शिट्ट्या मारल्या.

मी मास्तर आहे, तेव्हा बेलची बाजू घेऊन "भाषा शिकण्याची काय गरज?" असे मी कधीच म्हणणार नाही. ते फडके उचलायला नको होते. नऊ वर्षांत त्या भाषेशी त्याची घसट वाढली असती, तर त्याचेच आयुष्य भरले असते. १९८६ साली इंग्लंडचा गॅरी लिनेकर बार्सेलोनाला गेला, त्याने स्पॅनिश शिकून घेतली. आणि पहिल्याच मोसमात रेआल माद्रिदविरुद्ध तीन गोल मारल्यावर तिथले लोक त्याला घरचाच समजू लागले. भाषा शिकणाऱ्याला एक जास्तीचे घर मिळते. न शिकणाऱ्याला ते मिळत नाही. हा त्याचा तोटा. पण तोटा आणि गुन्हा यांत फरक आहे. ज्या कामासाठी माणूस आणला ते काम त्याने चोख केले, आणि तरीही त्याच्या जिभेची झडती घ्यायची, हा कुठला न्याय? गवंड्याने भिंत ओळंब्यात बांधली, तर त्याला व्याकरण विचारणारे आपण कोण?

शिवाय शिकणाऱ्याचे तरी आपण काय करतो? त्याला हसतो! इंग्लंडचा स्टीव्ह मॅक्लारेन २००८ साली हॉलंडच्या ट्वेंटे संघाचा प्रशिक्षक झाला. तिथल्या लोकांना समजावे म्हणून तो डच वळणाने इंग्रजी बोलू लागला. त्याची ती मुलाखत पाहून सगळे इंग्लंड पोट धरधरून हसले. २०१० साली त्याच ट्वेंटेने आपल्या इतिहासातले पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, तेव्हा ते हसू कुठे गेले कोण जाणे. २०१२ साली जोई बार्टन हा खेळाडू मार्सेयला गेला आणि फ्रेंच वळणाने इंग्रजी बोलला. पुन्हा तेच हसू. म्हणजे न शिकेल तो मस्तवाल, आणि शिकायला जाईल तो विदूषक! १९८७ साली युव्हेंटसला जाऊन वर्षभरात परतलेल्या इयान रशच्या नावावर तर एक विनोदच कायमचा चिकटला आहे, की इटलीत राहणे आपल्याला परदेशात राहिल्यासारखे वाटले. आपण असे कधी बोललोच नाही, असे रश स्वतः सांगत आला आहे. पण ऐकतो कोण? परक्या घरात अडखळलेल्या माणसावरचा विनोद खरा असण्याची गरज लोकांना वाटत नाही.

वर्गातला माझा एक नियम आहे. नवे मूल पहिले वाक्य बोलेल तेव्हा जो हसेल, त्याने त्या दिवशी सगळ्यांचे फळे पुसायचे. हा नियम मी पुस्तकातून काढलेला नाही. आमच्या गावाजवळ रस्त्याचे काम निघाले तेव्हा तेलंगणातून आलेल्या मजुरांची मुले शाळेत आली. त्यांतली एक मुलगी चार महिने एक अक्षर बोलली नाही. एक वरिष्ठ येऊन तिला "मठ्ठ" असा शेरा मारून गेले. ती बोलली कधी? एकदा पाण्याच्या पिंपाशी दुसऱ्या मुलींनी तिला विचारले, "तुमच्यात पाण्याला काय म्हणतात गं?" ती म्हणाली, "नीळ्ळू." सगळा वर्ग दिवसभर "नीळ्ळू, नीळ्ळू" करत फिरला. दुसऱ्या दिवसापासून ती मराठी बोलू लागली. व्याकरणाचे एक पान मी तिला शिकवले नव्हते. तिच्याजवळचा एक शब्द आम्ही घेतला, तेव्हा तिने आमचे शंभर घेतले.

माझे म्हणणे एवढेच आहे. भाषा शिकणे हे एकट्या पाहुण्याचे कर्तव्य नव्हे. ते यजमानाचेही आहे, किंबहुना आधी यजमानाचे आहे, कारण तो आपल्या घरात आहे, त्याच्या पायाखाली जमीन आहे. ज्याला जास्त सोपे आहे त्याने आधी हात पुढे करावा, ही साधी माणुसकी झाली.

यजमानाने हे केले नाही, तर काय होते, त्याचा एक कडू दाखला देतो. एदिन्सन कवानी हा उरुग्वेचा खेळाडू २०२० च्या ऑक्टोबरात मँचेस्टर युनायटेडमध्ये आला. नोव्हेंबरात त्याने एका सामन्यात दोन गोल केले. मायदेशीच्या एका मित्राने अभिनंदन केले, त्याला यानेही समाजमाध्यमावर जाहीर उत्तर दिले: "ग्रासियास, नेग्रीतो." शब्दशः अर्थ, "आभारी आहे, काळ्या." आपल्या खेड्यात आई पोराला "अरे काळ्या, जेवायला ये" म्हणते, त्यातलीच ही तऱ्हा. पण इंग्लंडात तोच शब्द वंशद्वेषाची शिवी ठरला. तीन सामन्यांची बंदी, एक लाख पौंड दंड. कवानीचा हेतू वाईट नव्हता, हे शिक्षा देणाऱ्यांनीही मान्य केले. उरुग्वेच्या भाषा अकादमीने त्या निकालाचा निषेध केला. मी इंग्लंडचा नियम चुकीचा म्हणत नाही. त्या शब्दाने ज्यांच्या पिढ्या पोळल्या त्यांची जखम खरी आहे, आणि "आमच्याकडे लाडाने म्हणतात" एवढ्याने ती बरी होत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. हा माणूस उतरला त्या दिवशी त्याच्यासमोर करारपत्रांची चळत ठेवणारे हात पुष्कळ होते. "बाबा रे, तुझ्या भाषेतला हा एक शब्द या घरात विखार आहे," असे त्याला पटेल अशा रीतीने सांगणारा एक तरी दुभाषी त्याच्याशेजारी बसवायला नको होता का?

दुभाष्याला आपण हलका समजतो, ही आणखी एक चूक. १९९२ साली इंग्लंडचे बॉबी रॉबसन लिस्बनच्या स्पोर्टिंग संघाचे प्रशिक्षक झाले. त्यांना पोर्तुगीज येईना. त्यांना एक तरुण दुभाषी दिला गेला. पुढे रॉबसन पोर्तोला गेले, बार्सेलोनाला गेले, हा त्यांच्याबरोबर. लोक त्याला "तो भाषांतर करणारा" म्हणून हिणवत. त्याचे नाव जोझे मोरिन्यो. २००४ साली पोर्तोला आणि २०१० साली मिलानच्या इंटर संघाला युरोपचा चषक मिळवून देणारा प्रशिक्षक तो हाच! दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभा राहणारा माणूस दोन्ही घरे आतून पाहतो. त्याला नोकर समजणारे मालक स्वतःच अडाणी राहतात.

आपली माणसेही या वाटेने गेली आहेत. कलकत्त्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगचा मोहम्मद सलीम १९३६ साली ग्लासगोच्या सेल्टिक संघात गेला. पायांत बूट नाहीत, नुसत्या पट्ट्या बांधलेल्या. प्रेक्षक थक्क झाले, क्लब त्याला ठेवून घ्यायला राजी होता. पण घरच्या ओढीने तो परत आला. १९९९ साली सिक्कीमचा बायचुंग भुतिया ग्रेटर मँचेस्टरमधल्या बरी संघात गेला. आणि सलीमनंतर ८४ वर्षांनी, २०२० साली, त्याच ग्लासगो शहरात, सेल्टिकच्या हाडवैरी रेंजर्स संघात मणिपूरची बाला देवी गेली. युरोपात व्यावसायिक करार मिळवणारी पहिली भारतीय स्त्री! २०२२ साली पंजाबची मनीषा कल्याण सायप्रसमधल्या अपोलोन संघाकडून स्त्रियांच्या युरोपीय चषक स्पर्धेत खेळली. यांच्याविषयी आपण अभिमानाने बोलतो. तिथे त्यांना कुणी आपले म्हणावे, त्यांच्या चुकलेल्या उच्चारांना हसू नये, असे आपल्याला मनापासून वाटते.

ठीक आहे. मग आता आपले अंगण पाहू. गोव्याच्या मैदानांनी नायजेरियाचा रांती मार्टिन्स धेंपो संघाकडून आणि ओडाफा ओकोली चर्चिल ब्रदर्सकडून खोऱ्याने गोल करताना पाहिला. मुंबई सिटी संघाकडून मिझोरामचा लालिअनझुआला छांगटे धावला, तेव्हा अंधेरीचे मैदान उभे राहिले. सामना चालू असेतो हे आपले वीर. सामना संपल्यावर? आफ्रिकेतून आलेला तरुण खोली भाड्याने मागायला गेला, की आपल्या सोसायटीला एकाएकी नियम आठवतात. मिझोराम-मणिपूरच्या मुलांना, जी आपल्याच देशाची नागरिक आहेत, आपण रस्त्यात कोणत्या शब्दाने हाक मारतो, तो शब्द या अंकात छापण्याजोगा नाही. तिथे कवानीसारखा निरागसपणाचा बहाणाही आपल्याजवळ नाही. कारण शब्दही आपला, भाषाही आपली, आणि अर्थही आपल्याला पक्का ठाऊक. छांगटेच्या मिझो भाषेतला एक शब्द तरी आपल्यापैकी कुणाला येतो का? मलाही यायला हवा. आणि मला तो वर्गात आधी शिकवायला हवा.

आणि हे कसे करायचे, ते आपल्याला परदेशातून शिकून येण्याची गरज नाही. मुंबईत धोबी तलावाच्या आसपास गोव्याच्या गावागावांच्या कुडी आहेत. बोटीवरचा खलाशी, हॉटेलातला आचारी, बँडमधला वाजंत्री नवा-नवा मुंबईत उतरला, की गावाच्या कुडीत त्याची ट्रंक ठेवायला जागा मिळे. संध्याकाळी सगळे मिळून प्रार्थना म्हणत, आणि त्याच बैठकीत कोणत्या कचेरीत कुणाला भेटायचे, हेही कळे. गिरणगावात आपल्या कोकणी चाकरमान्यांच्या गाववाल्यांच्या खोल्या होत्या. घाटावरच्या गड्याला खानावळवाल्या मावशीच्या हातचे जेवण होते. गरीब माणसांनी चार-चार आणे वर्गणी काढून जे उभे केले, ते कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या क्लबांना इतका काळ का सुचू नये? सुरुवातीला मी ज्या गृहस्थाचे वाक्य सांगितले, की परमुलूख म्हणजे काय ते गिरणीकामगाराला विचारा, त्यांना माझे एवढेच सांगणे, की खरोखरच विचारा! तो सांगेल, "साहेब, पगारावर मी टिकलो नाही, गाववाल्यांच्या खोलीवर टिकलो."

तेव्हा क्लबांनी खेळाडू विकत घेताना त्याच्या घरच्यांच्या शिकवणीचाही खर्च करारात धरावा. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाला हॉटेलच्या खोलीत एकटे ठेवू नये, घरात ठेवावे. त्याच्या संघातल्या स्थानिक खेळाडूंनी त्याच्या भाषेतले दहा शब्द शिकावेत. ही सक्ती सरावाइतकीच सक्तीची करावी. आणि प्रेक्षकांनी, म्हणजे तुम्ही-आम्ही, खेळाडूचे मोजमाप त्याच्या खेळाने करावे. त्याने आपल्या भाषेत एक वाक्य मोडके-तोडके बोलले, तर त्याला एका गोलाइतकी टाळी द्यावी.

आपल्या पूर्वजांना यातले मर्म कळत होते, म्हणूनच त्यांनी दिवाळसण बसवला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला लेक माहेरी येते, आईच्या हातून तेल-उटणे लावून घेते, आपल्या पातेल्याला मनमुराद पातेले म्हणते, आणि मग पुन्हा सासरी जाते. मूळ अजिबात तोडून टाकलेले रोप नव्या मातीत जगत नाही, हे त्यांना माहीत होते. या दिवाळीत ज्यांच्या घरी नवी सून आहे, ज्यांच्या शेजारच्या खोलीत मणिपूरचा, मिझोरामचा किंवा नायजेरियाचा कुणी पोरगा भाड्याने राहतो आहे, त्यांनी फराळाचे ताट त्याच्यापुढे ठेवताना एवढे करावे: करंजीला करंजी म्हणतात हे त्याला जरूर सांगावे, पण त्याआधी त्याच्या घरी सणाला काय करतात आणि त्याला काय म्हणतात, ते विचारावे. आणि त्याने सांगितलेला शब्द आपल्याला नीट उच्चारता आला नाही, तर तो हसेल. हसू द्यावे. ती त्याची पाळी आहे.